खिडकीखालची पेटी

"अगं, मागची बाजू कशाला रंगवतीस? पाव्हणं काय खिडकीत शिरून बघणार हायती व्हय?"

शकू ओट्याच्या पायरीवर बसून मटार सोलत होती. कौशल्याबाई घरात, खिडकीलगतच्या खाटेवर गुडघे टेकून उभ्या होत्या आणि गजांमधून हात बाहेर काढून ब्रश फिरवत होत्या. खिडकीबाहेर लोखंडी अँगलवर बसवलेली ती लांबट लाकडी पेटी. तिची रस्त्याकडची फळी सकाळीच हिरवीगार झाली होती. आता गजांना लागून असलेली, घरातून दिसणारी फळी चालली होती.

"लोकायला पुढची दिसती, शकू. देवाला मागची बी दिसती," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं मुळातच हळू. त्यात शेजारच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर लागला, की समोरच्यानं ओठ वाचूनच समजून घ्यायचं.

"देव काय सोयरीक जमवायला येतोय का उद्या? चार वाजता सोपानराव येणार हायती कुरुळीवरनं. ती म्हातारी माणसं आधी घराचं त्वांड बघत्यात, मग पोरीचं."

हे बोलणंच कौशल्याबाईंच्या मनाला गेल्या रविवारपासून लागलं होतं. शकू शेजारीण, पण माहेर कुरुळीचं. स्थळ तिनंच आणलेलं. जाता जाता ती म्हणाली होती, "तेवढ्या त्या खिडकीखालच्या आन् ओट्यावरच्या पेट्यांचं काहीतरी कर बाई. तीन वर्षं झाली, नुसती वाळकी माती. आल्यागेल्याला वाटतं, ह्या घरात आता कुणी राहतच न्हाई."

खोटं नव्हतं ते. चिखलीतल्या दीड गुंठ्यावरचं हे घर, पुढं चार हातांचा ओटा, एका बाजूला लेथचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंगचं. गल्लीभर लोखंडाची तांबडी धूळ. अशा गल्लीत कौशल्याबाईंच्या मुलानं, सिद्धेशनं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी या पेट्या केल्या. एक खिडकीखाली, दोन ओट्याच्या कडेला. चाकणच्या बाजूला एका कंपनीत तो पॅकिंगला होता. इंजिनाचे सुटे भाग परदेशी जातात, त्यांची लाकडी खोकी ठोकायचं काम. उरलेल्या फळ्या सुपरवायझरला विचारून बाइकला बांधून आणायचा. त्या फळ्यांवर कंपनीचे काळे छाप होते. छत्री, काचेचा पेला, वर तोंड केलेले दोन बाण.

"आई, छत्री म्हणजे भिजवू नका. पेला म्हणजे जपून उचला, फुटेल. बाण म्हणजे ही बाजू वर," त्यानं तेव्हा समजावून सांगितलं होतं.

"भिजवू नका लिहिलेल्या लाकडात झाडं लावायलास व्हय रे?" त्या म्हणाल्या होत्या, आणि त्याची बायको अनिता पदर तोंडाला लावून इतकी हसली होती, की तिला ठसका लागला.

मग त्या पेट्यांत दोन पावसाळे ऑफिस टाइमची फुलं फुलली. तिसऱ्या वर्षी चाकणच्या रस्त्यावर कंटेनरखाली सिद्धेशची बाइक सापडली, तो जागीच गेला. हेल्मेट शाबूत होतं. त्याची मुलगी पिंकी तेव्हा दोन वर्षांची होती.

"ऑफिस टाइम लाव की परत. किती छान दिसायची," शकू म्हणाली.

"ती दुपारी मिटतात गं. पाव्हणे चारला येणार, तवर ती झोपलेली असतील. सदाफुली आणलीय नर्सरीतून, आन् दोन शेवंत्या."

फळीवरचा शेवटचा काळा पट्टा ब्रशखाली गेला. मागच्या फळीवर चित्रं नव्हती, नुसतीच जाड काळी अक्षरं होती. कौशल्याबाई शाळेत गेल्या नव्हत्या. गुरुचरित्राचा अध्याय त्या पोथी समोर ठेवून म्हणत, पान उलटायची जागाही चुकत नसे, पण ते सगळं कानानं आलेलं. त्यांच्या लेखी कंपनीचं काळं ते सगळं एकच. गेली पाच वर्षं रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं, की त्या ओल्या फडक्यानं ती फळी पुसत आल्या होत्या. सणासुदीला देव्हाऱ्याची पाठ धुवायची, तांब्याचं बूड घासायचं, तसंच.

रंगही तुळशीवृंदावनाचाच होता, दिवाळीत उरलेला. देवाच्या कामातला रंग शुभकार्याला लागतोय, याचं त्यांना बरं वाटलं होतं.

शकू मटारची टोपली उचलून गेली, तेव्हा कौशल्याबाई खाली उतरून ओट्यावर आल्या. पेटीत सदाफुलीची रोपं बसवली, माती दाबली, तांब्यानं पाणी घातलं. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या आणि तिथून घराकडे पाहिलं. हिरव्या पेट्या, वर गुलाबी-पांढरी फुलं. तीन वर्षांत पहिल्यांदा घरानं तोंड धुतल्यासारखं दिसत होतं.

त्यांनी नजर काढून घेतली.

एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलेली नव्हती. मागच्या संक्रांतीला गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या, तेव्हा अनिता आतल्या खोलीत दार लोटून कंपनीचे कपडे इस्त्री करत बसली होती. एकच शर्ट तासभर. कौशल्याबाईंनी फटीतून पाहिलं आणि त्याच संध्याकाळी दिव्यासमोर बोलल्या, "दत्ता, पोरीचं घर बसू दे. अकरा गुरुवार मीठ सोडते." अनिताचे आईवडील नव्हते, बीडकडे एक भाऊ होता तो फोनही उचलत नसे. आता तिची आई म्हणा, सासू म्हणा, त्याच. एका गुरुवारी अळणी भात घशाखाली उतरेना तर त्यांनी पाण्यासोबत गिळला, पण व्रत मोडलं नाही.

फक्त दिवा शांत व्हायच्या आधी, ओठ न हलवता, मन दुसरंच काहीतरी बोलून जायचं. ती कुठं जाऊ नये. पिंकीची पावलं या घरातून जाऊ नयेत. दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्ही वेळा अनितानं खिडकीकडे पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "नको आई. मला हे घर सोडवत नाही." दोन्ही वेळा कौशल्याबाई वरकरणी रागावल्या होत्या आणि आत देवघरासमोर जाऊन डोकं टेकवून आल्या होत्या.

साडेचारला कंपनीची बस नाक्यावर थांबली. वायरिंगच्या लाइनवर आठ तास उभी राहून आलेली अनिता गल्लीत शिरली, आणि पिंकी धावत जाऊन तिच्या पिशवीला लोंबकळली.

"अगंबाई! आई, हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत?" अनिता रस्त्यातच थांबली.

"शकू व्हती बोलायला. काम माझंच."

"छान दिसतंय हो." ती खरंच हसली. मग चपला काढून आत गेली. रोज आल्यावर ती आधी खिडकीपाशी खाटेवर बसून वेणी सोडायची. चहा तिथंच घ्यायची.

कौशल्याबाई चहा घेऊन उंबऱ्यात आल्या, तेव्हा वेणी अर्धीच सुटलेली होती. अनिताचे हात तसेच केसांत होते.

"आई," पिंकी तिला विचारत होती, "पप्पांचं वाक्य कुठं गेलं?"

अनितानं हात केसांतून खाली घेतले.

"कसलं वाक्य गं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"ते नाही का आजी? अनिताची खिडकी, बेचाळीस इंच, हात लावू नये, सिद्धेश!" पिंकीनं बडबडगीत म्हणावं तसं म्हटलं. हे गाणं कौशल्याबाईंनी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. रात्री मायलेकी झोपायच्या आधी म्हणायच्या. त्यांना तो शाळेतला खेळ वाटला होता.

कौशल्याबाईंनी कपबशी खाली ठेवली.

"तिथं लिहिलं व्हतं?"

"कंपनीत कुणी कापून ठेवलेली फळी दुसराच उचलायचा," अनिता खिडकीकडे बघतच म्हणाली. "म्हणून मार्करनं लिहून ठेवलं होतं त्यांनी. चेष्टेनं. मग पेटी करताना ती बाजू मुद्दाम आत घेतली." मग तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं, आई?"

"मला कुठं वाचता येतं गं, पोरी."

अनितानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. ती उठली, कपबशी घेतली आणि म्हणाली, "राहू द्या. रंग चांगला लागलाय."

सिद्धेशच्या हातचं लिहिलेलं घरात दुसरं काही नव्हतं. सह्या होत्या, बँकेच्या आणि विम्याच्या कागदांवर. ते कागद त्या त्या ऑफिसात गेले. हे कौशल्याबाईंना त्या क्षणी आठवलं, आणि मग दुसरं काही सुचलंच नाही.

त्या तशाच अनवाणी शेजारच्या वर्कशॉपमध्ये गेल्या. "थोडं थिनर दे रे बाबा, रंग पुसायचाय." तिथल्या कारागिरानं पाण्याच्या बाटलीत भरून दिलं. घरी येऊन खाटेवर चढल्या आणि गजांतून हात घालून फडक्यानं पुसायला लागल्या.

कौशल्याबाईंचे यजमान रंगराव बाहेरून आले. निवृत्त होऊन चार वर्षं झालेला, कमी बोलणारा माणूस. "अगं, काय करायलीस? थांब जरा, सकाळी बघू."

"ओला हाय तवर निघंल."

निघत होता. हिरवा रंग भराभर फडक्यावर येत होता. खालून काळी रेघ दिसली, एक काना दिसला, आणि कौशल्याबाईंच्या तोंडून "दत्ता, दत्ता" बाहेर पडलं. त्यांनी जोर लावला. थिनर आणखी ओतलं. काळी रेघ पसरली, धुरकट झाली आणि हिरव्याच्या मागोमाग तीही फडक्यावर आली. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. तोवर हात थांबला नव्हता. फळी पांढरी पडली, कोरी, कालच रंधा मारल्यासारखी.

रंगरावांनी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली. अनिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"उद्या पाहुणे येणार आहेत, आई," ती म्हणाली. "ती जागा पांढरी दिसेल. परत एक हात मारून घ्या."

आणि कौशल्याबाईंनी मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला गाडी आली. सोपानराव, त्यांचा पुतण्या नवनाथ, आणि पुढं पुढं करणारी शकू. सोपानराव गाडीतून उतरले ते ओट्यापुढं थांबलेच.

"बघ नवनाथ, काय म्हणलं व्हतं मी? आमच्याकडं बंगले बांधल्यात लोकांनी, पर पुढं कुत्रं बांधायची साखळी आन् पाण्याची टाकी. हे बघ घर! घराच्या तोंडावरनं आतली माणसं कळत्यात."

"सगळं आमच्या कौशल्याचं हाय बरं का," शकू म्हणाली. "मागून सुदिक रंगवलंय. देवाला दिसतं म्हणं!"

सगळे हसले. कौशल्याबाईही हसल्या.

नवनाथची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. अडतिशीचा, रुंद हातांचा, फोर्जिंगच्या कारखान्यात ऑपरेटर. पोहे खाताना त्याच्या बशीतला चमचा एकदाही वाजला नाही. त्यानं अनिताला एवढंच विचारलं, "तुमची बस कुरुळी फाट्यावरनं जाते ना? म्हणजे नोकरी सोडायला नको." मग खिशातून एक छोटी रंगपेटी काढून त्यानं पिंकीपुढं धरली. पिंकीनं आधी आजीकडे पाहिलं. कौशल्याबाईंनी मान हलवली, तेव्हा घेतली.

माणूस वाईट असता तर त्यांना आधार मिळाला असता.

"पोरीला आमी जड समजत न्हाई," सोपानराव म्हणाले. "आमच्यात पोर नांदायलाच पायजे. फकस्त एक बोलतो, राग मानू नका. वरीस-दोन वरीस हिकडचं येणं-जाणं नको. पोर दोन्हीकडं ओढली जाती, मग कुठलीच होत न्हाई. माझ्या बहिणीच्या घरी बघितलंय मी. रुजू द्या तिला. मग तुमचंच घर हाय, कवाबी या."

खोलीत ग्राइंडरचा आवाज नव्हता; रविवार होता. रंगराव घसा साफ करून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

"मग पोरीचं काय म्हणणं?"

अनितानं खिडकीकडे पाहिलं. कौशल्याबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. आता ती म्हणेल, नको. तिसऱ्यांदा म्हणेल. मी रागवेन, शकू तणतणेल, चार दिवसांनी सगळं विसरेल. अनिता गजांपलीकडच्या त्या हिरव्या फळीकडे बघत होती.

"चालेल," ती म्हणाली.

चहाचे कप विसळताना कौशल्याबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "घाई कशाला केलीस गं? दोन दिवस मागून घ्यायचे. पिंकीचं बी..."

"आई, अकरा गुरुवार तुम्हीच केलेत ना माझ्यासाठी?" अनितानं नळ बंद केला. "अळणी खाल्लंत. मी बघत होते. मग आता असं का बोलता?"

त्यांनी विसळलेला कप उचलून पुसायला घेतला. देवानं तोंडचं ऐकलं होतं. मनातलंही त्याला ऐकू गेलं असणारच, कारण त्याला मागची बाजूही दिसते, असं आयुष्यभर त्याच तर म्हणत आल्या होत्या.

माघात आळंदीच्या एका छोट्या कार्यालयात लग्न लागलं. मुलीकडच्या बाजूला कौशल्याबाई आणि रंगराव पाटावर बसले. ओटी भरताना शकूला हुंदका आवरेना, कौशल्याबाईंचे हात मात्र ठरल्याप्रमाणे चालले. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. गाडीत बसताना पिंकीनं विचारलं, "आजी, तू पुढच्या गाडीनं येणार का?"

"हां," त्या म्हणाल्या. त्या दिवशीच्या सगळ्या विधींत तेवढं एकच खोटं होतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी उद्यापन केलं. पाच सवाष्णी जेवल्या. कौशल्याबाईंनी आज स्वतःच्या पानातही मीठ वाढून घेतलं. पहिला घास त्यांना कडू लागला.

सदाफुली मात्र फोफावली. पेटीच्या कडेवरून खाली लोंबायला लागली. वर्कशॉपमध्ये माल न्यायला येणारे टेम्पोवाले थांबून बघत. एकदा एका बाईनं स्कूटर थांबवून फोटो काढला आणि विचारलं, "काकू, किती सुंदर! घरात लहान मुलं आहेत का?" कौशल्याबाईंनी तिला दोन फांद्या तोडून दिल्या. लावल्या की लागतात, म्हणाल्या.

वैशाख लागला. गल्लीतलं लोखंड उन्हानं दिवसभर तापायचं. एका सकाळी पाणी घालताना त्यांना ओट्यावरच्या पेटीवर काहीतरी डाग दिसला. पदरानं पुसला, जाईना. दोन दिवसांनी तो नीट ओळखू आला. छत्री होती. मग पेल्याचा देठ उमटला. खिडकीच्या पुढच्या फळीवर दोन बाण, आधी फिकट, मग स्पष्ट.

शेजारचा थिनर देणारा कारागीर चहाला चालला होता. त्यांनी त्याला हाक मारली. "बाबा, हे रे काय झालं?"

त्यानं नखानं खरवडून पाहिलं. "ती शाई हाय ना काकू, खालची. असल्या शाईवर ऑइलपेंट किती बी मारा, थांबत न्हाई. छाप असू दे न्हाईतर मार्कर. ऊन लागलं की आपोआप वर येतंय."

"मार्कर बी?"

"मार्कर तर आधी येतो. त्याला काहीच करावं लागत न्हाई, नुसतं सोडून द्यायचं."

तो गेला. कौशल्याबाई तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग आत आल्या. रंगराव पेपर वाचत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. त्या खाटेवर चढल्या, गुडघे टेकले आणि गज धरून बघितलं.

मागची फळी हिरवीगार होती. एक ओरखडा नव्हता, एक डाग नव्हता. घरातल्या साऱ्या रंगकामात तेवढंच नीट टिकलं होतं.

त्यांनी बोट टेकवून अंदाज घेतला. काना इथं दिसला होता. इथून सुरू झालं असणार, आणि पिंकीच्या गाण्याएवढं लांब गेलं असणार. ते गाणं त्यांनी एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, पोथी म्हणावी तसं, शब्द न गाळता.

मग रोजच्यासारखं ओलं फडकं घेतलं आणि फळी पुसायला लागल्या. डावा कोपरा, वरची कड, खालची कड, उजवा कोपरा. मधली तेवढी जागा सोडून.